तेल अपायकारक नाही, पण लेबलवर लिहिलेलेही नाही : अशा प्रकरणात गुन्हा कशाच्या बळावर सिद्ध होतो?

प्रश्न : नीरक्षीर

खाद्यतेलातील भेसळ आणि खोटी लेबले यांच्याविरुद्धच्या कायद्याची अंमलबजावणी नेमकी कोठे लंगडी पडते, याविषयी आमच्या ग्राहक अभ्यासगटाचे टिपण तयार होत आहे. त्यातील एका मुद्द्यावर आमचे एकमत होत नाही, म्हणून तो येथे जाणकारांपुढे ठेवतो.

तेलातली भेसळ म्हटली की विषबाधेच्या घटना आठवतात आणि त्या आठवाव्यात अशाच आहेत. १९८१ साली स्पेनमध्ये उद्योगासाठी आणलेले रेपसीडचे तेल खाद्यतेल म्हणून विकले गेले आणि सुमारे २०,००० माणसे आजारी पडली. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्यामुळे ड्रॉप्सीची (अंगावर सूज आणणाऱ्या आजाराची) साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी कायदा काय करणार, याविषयी कोणाच्या मनात संभ्रम नसतो.

मात्र बाजारातील पुष्कळशी भेसळ या जातीची नसते. महागड्या तेलात स्वस्त तेल मिसळले जाते, दोन्ही तेले खाण्यायोग्य असतात, ते खाऊन कोणीही आजारी पडत नाही आणि ग्राहकाला आयुष्यभर कळतही नाही की आपण ज्याचे पैसे मोजले ते तेल बाटलीत नव्हतेच. गटातील काहींचे म्हणणे असे की इजा झाली नसेल तर हा फार तर व्यापारी लबाडीचा विषय आहे आणि फौजदारी कारवाईचा भर जीवघेण्या भेसळीवरच हवा. मला हे पटत नाही, परंतु माझ्या बाजूचा युक्तिवाद मला नीट बांधता येत नाही.

म्हणून विचारतो : इजा सिद्ध झालेली नसताना कायदा कोणत्या आधाराने कारवाई करतो? तेलाच्या प्रयोगशाळेतील तपासणीवर किती भिस्त ठेवता येते? आणि प्रकरण न्यायालयात टिकत नाही तेव्हा ते बहुधा कोणत्या टप्प्यावर सुटते?

उत्तर : परीक्षानळी

मी तेल व स्निग्ध पदार्थांच्या विश्लेषणाचे काम करते, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरते विस्ताराने लिहिते.

तेलाची ओळख पटवण्याच्या जुन्या कसोट्या म्हणजे आयोडीन मूल्य (तेल किती असंतृप्त आहे याचे माप), साबणीकरण मूल्य (तेलाचा साबण होण्यास किती अल्कली लागते याचे माप), अपवर्तनांक (तेलातून जाताना प्रकाश किती वळतो याचे माप) आणि काही रंगप्रतिक्रिया. यांतील अडचण अशी की प्रत्येक तेलाला एक आकडा नसून एक पल्ला दिलेला असतो, कारण पिकाचे वाण, हवामान आणि जमीन यांनुसार तेलाची घडण थोडीफार बदलते. भेसळ करणाऱ्याला हा पल्ला ठाऊक असतो. उदाहरण म्हणून शेंगदाणा तेल घ्या. भारतीय मानकांत त्याचे आयोडीन मूल्य ८५ ते ९९ या दरम्यान असावे लागते. पामोलीनचे, म्हणजे पाम तेलाच्या पातळ भागाचे, मूल्य ५८ च्या आसपास असते आणि सोयाबीन तेलाचे १३० च्या आसपास. ही दोन तेले निम्मी-निम्मी मिसळली तर मिश्रणाचे आयोडीन मूल्य ९४ येते, म्हणजे शेंगदाण्याचा एक थेंब नसताना ते शेंगदाणा तेलाच्या पल्ल्यात अगदी मधोमध बसते. केवळ या एका कसोटीवर विसंबणारा अहवाल असे तेल प्रमाणित ठरवील.

हेच मिश्रण वायुवर्णलेखन यंत्रात (गॅस क्रोमॅटोग्राफ, जे तेलातील स्निग्धाम्ले वेगवेगळी करून मोजते) घातले की उघडे पडते. पामोलीनमध्ये पामिटिक आम्ल ४० टक्क्यांच्या घरात असते आणि सोयाबीनमध्ये १० टक्क्यांच्या आसपास, तेव्हा मिश्रणात ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. शेंगदाणा तेलात ते साधारण ८ ते १४ टक्के असते. शिवाय सोयाबीनमुळे लिनोलेनिक आम्ल दिसू लागते, जे शेंगदाण्यात जवळजवळ नसतेच. त्याही पुढची पायरी म्हणजे स्टेरॉलांची, म्हणजे तेलात अल्प प्रमाणात असणाऱ्या नैसर्गिक संयुगांची, तपासणी. ब्रासिकास्टेरॉल हे मोहरी-रेपसीड कुळाच्या तेलांचे लक्षण असल्यामुळे सूर्यफुलाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात ते ठळकपणे सापडले तर त्याचा खुलासा उत्पादकालाच करावा लागतो. ऑलिव्हच्या उच्च प्रतीच्या तेलात रिफाइंड तेल मिसळले असेल तर स्टिग्मास्टाडाइन हे संयुग सापडते, कारण ते रिफायनिंगच्या वेळी स्टेरॉलांपासून तयार होते. युरोपीय नियमांनी त्याची मर्यादा प्रतिकिलो ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक ठेवली आहे.

तरीही प्रयोगशाळेला सर्व काही कळते असा समज करून घेऊ नये. हेझलनटचे तेल ऑलिव्हच्या तेलाशी घडणीने इतके जवळचे आहे की थोड्या प्रमाणातील मिश्रण ओळखणे अवघड जाते. सरकीच्या तेलासाठीची हाल्फेन ही रंगप्रतिक्रिया जास्त तापवलेल्या तेलात नकारात्मक येऊ शकते. वापरून टाकलेले तेल पुन्हा शुद्ध केलेले असेल तर त्यातील आम्लता, रंग आणि वास यांवरून काहीच सांगता येत नाही, कारण रिफायनिंगची प्रक्रिया मुळात याच गोष्टी काढून टाकण्यासाठी असते. अशा ठिकाणी विश्लेषकाने आपल्या मर्यादेत राहून लिहावे. 'हे तेल लेबलवरील वर्णनाशी जुळत नाही' आणि 'हे तेल अमुक स्रोतापासून बनवलेले आहे' ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. दुसरे विधान हाती पुरेसा आधार नसताना केले की उलटतपासणीत पहिलेही संशयास्पद ठरते.

आणखी एक गोष्ट अभियोग पक्षाच्या ध्यानात क्वचित येते. तेल साठवणुकीत बदलते, परंतु त्याचे सर्व गुणधर्म सारख्या वेगाने बदलत नाहीत. पेरॉक्साइड मूल्य (तेल हवेने किती बिघडू लागले याचे माप) आणि खवटपणा हे हवा, प्रकाश व उष्णता यांमुळे काही आठवड्यांत वाढू शकतात. स्निग्धाम्लांचे प्रमाण आणि स्टेरॉलांची घडण नीट बंद ठेवलेल्या नमुन्यात दीर्घकाळ जवळपास तशीच राहते. आरोप केवळ खवटपणावर उभा असेल आणि फेरतपासणीचा नमुना सहा महिने कपाटात राहिला असेल, तर दोन अहवालांत तफावत येणारच आणि तिचा लाभ आरोपीला मिळणार. आरोप तेलाच्या ओळखीवर उभा असेल तर तोच नमुना वर्षभरानेही बोलतो. म्हणून अहवाल हाती आल्यावर कोणत्या निष्कर्षावर प्रकरण उभारायचे, हे ठरवताना विश्लेषकाला विचारावे असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

उत्तर : वादपत्र

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे आणि ते आपल्या बाजूचे आहे.

अन्नाविषयीचा कायदा पूर्वीपासून दोन वेगळे प्रश्न विचारत आला आहे. हे अन्न अपायकारक आहे का, हा एक. ग्राहकाने जे मागितले तेच त्याला मिळाले का, हा दुसरा. इंग्लंडच्या १८७५ च्या कायद्याने मागितलेल्या वस्तूच्या प्रकारात, घटकांत किंवा दर्जात न बसणारी वस्तू ग्राहकाचे अहित होईल अशा रीतीने विकणे हाच अपराध ठरवला. त्यावर विक्रेत्यांनी असा बचाव काढला की निरीक्षक तपासणीसाठीच माल घेतो, तेव्हा त्याचे अहित झालेच नाही. हा बचाव १८७९ च्या दुरुस्तीने बंद केला. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातही एखादा घटक पूर्णतः किंवा अंशतः दुसऱ्याने बदलला असेल तर ती भेसळ मानली जाते आणि त्यासाठी अपाय दाखवावा लागत नाही. म्हणजे 'इजा नाही म्हणून गुन्हा नाही' हे मत आपल्या गटातील काहींना स्वाभाविक वाटत असले, तरी कायद्याने ते दीडशे वर्षांपूर्वीच नाकारलेले आहे.

भारताच्या २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानेही हीच विभागणी केली आहे. असुरक्षित अन्नाचे प्रकरण फौजदारी न्यायालयात जाते आणि त्यामुळे मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कमी दर्जाचे अन्न व दिशाभूल करणारे लेबल यांची प्रकरणे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे (न्यायालयाबाहेर दंड ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) चालतात आणि त्यांना अनुक्रमे ५ लाख व ३ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. या विभागणीचा लाभ असा की लेबलाचे प्रकरण त्यामानाने लवकर निकाली निघू शकते. तोटा असा की मोठ्या उत्पादकाच्या दृष्टीने एवढी रक्कम व्यवसायाच्या खर्चात जमा होऊन जाते. माझ्या मते आपल्या टिपणाचा भर येथे असावा. कमाल आकडा ठरवून ठेवलेला दंड मोठ्या फसवणुकीला रोखू शकत नाही. दंड मिळवलेल्या लाभाशी बांधला तरच त्याला अर्थ उरतो.

परंतु लाभाशी बांधलेला दंडही नीट रचला पाहिजे, हे तैवानच्या २०१३ च्या प्रकरणातून दिसते. तेथील एका कारखान्याने शुद्ध ऑलिव्ह तेल म्हणून जे विकले, त्यात सरकीचे तेल आणि हिरवा रंग येण्यासाठी ताम्रयुक्त क्लोरोफिलिन मिसळले होते. मालकाला न्यायालयाने १६ वर्षांची शिक्षा दिली, ती अपिलात १२ वर्षांवर आली. स्थानिक प्रशासनाने बेकायदा लाभ हिशेबात घेऊन कंपनीला १८५ कोटी तैवानी डॉलरचा दंड केला होता. न्यायालयाने त्याच कृत्यासाठी कंपनीला ५ कोटींचा फौजदारी दंड केलेला असल्याने एका अपराधाला दोनदा दंड नको या तत्त्वावर तो प्रशासकीय दंड २०१४ मध्ये रद्द झाला. गुन्हा सिद्ध होऊनही लाभाचा मोठा भाग वसूल झाला नाही. प्रशासकीय दंड, फौजदारी दंड आणि लाभाची जप्ती यांचा परस्परसंबंध कायद्यात आधीच स्पष्ट नसेल, तर नेमक्या मोठ्या प्रकरणातच असे घडते.

आता तिसरा प्रश्न. प्रकरणे पुष्कळदा सुटतात, कारण आरोप चुकीच्या जागी बांधलेला असतो. तैवानमध्येच पुढच्या वर्षी प्राण्यांच्या चरबीपासून बनवलेल्या तेलाचे मोठे प्रकरण झाले. एका बड्या खाद्यसमूहाने व्हिएतनामहून आणलेली चरबी पशुखाद्याच्या प्रतीची होती, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये चांगह्वा जिल्हा न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, कारण कच्चा माल मानवी सेवनास अयोग्य होता हे अभियोग पक्षाला सिद्ध करता आले नाही असे न्यायालयाचे मत पडले. २०१८ मध्ये अपिलात हा निकाल फिरला आणि प्रमुख आरोपीला कारावास झाला. तेच तेल, जवळपास तीच कागदपत्रे, आणि दोन न्यायालयांचे दोन निष्कर्ष. कच्च्या मालाच्या प्रतीवर लढावे की तयार मालाच्या तपासणीवर, हा प्रश्न कायद्याच्या शब्दांत सुटलेला नसेल तर न्यायाधीशांना तो दर वेळी नव्याने सोडवावा लागतो.

चीनने जानेवारी २०१२ मध्ये यावर एक तोडगा काढला. गटारात गेलेल्या व खरकट्या तेलाची प्रकरणे वाढल्यावर सर्वोच्च न्यायालय, सर्वोच्च अभियोक्ता मंडळ आणि पोलीस मंत्रालय यांनी संयुक्त सूचना काढली. तेल अशा स्रोतापासून बनले की नाही हे निश्चित कळले नाही, पण विक्रेत्याला त्याचा उगम संशयास्पद असल्याचे ठाऊक होते, तर पुढची वाट तपासणीच्या निष्कर्षावरून ठरते. विषारी घटक सापडला तर एक कलम, केवळ मानकांत बसत नसेल तर दुसरे, आणि नुसते बनावट असेल तर तिसरे. तेथील शिक्षांच्या कठोरपणाचे मी समर्थन करत नाही. सर्वांत गंभीर आरोप सिद्ध झाला नाही तरी प्रकरण शून्यावर येऊ नये, ही रचना मात्र घेण्यासारखी आहे.

हेतूविषयी थोडक्यात. भेसळीच्या अनेक कायद्यांत विक्रेत्याला माहीत होते हे सिद्ध करावे लागत नाही. त्याऐवजी वाजवी दक्षता घेतल्याचा बचाव त्याला दिलेला असतो आणि तो सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ आणि १९७५ च्या निकालांत याहून पुढे जाऊन, ज्या अधिकाऱ्याच्या हाती गैरप्रकार रोखण्याची सत्ता होती तो स्वतः सहभागी नसला तरी जबाबदार धरता येतो, असे ठरवले. छोट्या दुकानदाराच्या बाबतीत मला हे तत्त्व सरसकट लावणे अन्यायाचे वाटते. सीलबंद डबा जसा आला तसा त्याने विकला असेल, तर त्याच्याकडून बिले आणि पुरवठादाराचा परवाना यांपलीकडे अपेक्षा ठेवता येत नाही.

नीरक्षीर

दोघांचेही मनापासून आभार. एक उपप्रश्न राहतो. परीक्षानळी यांनी विश्लेषकाने मर्यादेत राहावे असे म्हटले आहे आणि ते योग्यच आहे. मग घातक घटक नेमका कोणता हे विज्ञानालाच सांगता येत नसेल, तर जीवघेण्या भेसळीचा गुन्हाही सिद्ध होणार नाही का? स्पेनच्या प्रकरणात विषारी घटक निश्चित झाला नव्हता असे वाचले आहे.

वादपत्र

बरोबर वाचले आहे. उद्योगासाठी आयात केलेल्या त्या तेलात ते खाण्यासाठी वापरता येऊ नये म्हणून सुमारे दोन टक्के अॅनिलिन हे विषारी रसायन मिसळलेले होते. ते काढून टाकण्यासाठी तेल पुन्हा रिफाइन केले गेले आणि लेबल नसलेल्या पाच लिटरच्या प्लास्टिक डब्यांतून फिरत्या विक्रेत्यांनी विकले. पुढे काही अॅनिलिनजन्य संयुगांवर संशय केंद्रित झाला, परंतु त्यांतील नेमके कोणते शरीराला कसे बाधले हे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर दाखवता आले नाही. बचाव पक्षाचा सारा भर यावरच होता.

१९८९ च्या निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. शरीरात घडणारी प्रक्रिया उलगडलेली नसली, तरी आजारी पडलेल्यांनी हे तेल खाल्ले होते, ते तेल जेथे पोहोचले नाही तेथे हा आजार नव्हता आणि ते बाजारातून गेल्यावर साथ ओसरली, एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होतो असे न्यायालयाने मानले. साथरोगशास्त्राचा पुरावा तपासण्यासाठी ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ सर रिचर्ड डॉल यांच्यासारख्या तज्ज्ञांचे मत घेतले गेले होते. १९९२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढवल्या. या निकालावर फौजदारी कायद्याच्या अभ्यासकांत आजही मतभेद आहेत, आणि आरोपीच्या हक्कांची काळजी असणाऱ्याला त्यातील धोकाही दिसेल. मला मात्र न्यायालयाची भूमिका योग्य वाटते. रसायनशास्त्राच्या प्रगतीची वाट पाहत शेकडो मृत्यूंना कायद्याने उत्तरच द्यायचे नाही, हे मान्य करता येणार नाही.

उत्तर : तळगाळ

मी या खात्याच्या कामातून आता निवृत्त आहे. वरची दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु प्रकरण न्यायालयात जाण्याच्या कितीतरी आधी, नमुना घेतानाच हातचे जाते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तेलाचा नमुना घेणे सोपे वाटते, तसे ते नाही. मोठ्या टाकीत वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातून तेल घ्यावे लागते. १९६३ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील बेयॉन येथे जे प्रकरण गाजले त्यात टाक्यांत बहुतांश पाणी होते आणि वर तेलाचा थर होता. ती फसवणूक कर्जाच्या तारणाची होती, अन्नाची नव्हती, पण वरून नमुना घेणाऱ्याला टाकीत काय आहे ते कळत नाही ही गोष्ट तीच. थंडीत पाम तेलाचा काही भाग गोठून तळाशी बसतो. न ढवळता, न कोमट करता चार बाटल्या भरल्या तर चारही बाटल्यांतील तेल वेगळे निघते, आणि मग विश्लेषकाच्या व फेरतपासणीच्या अहवालात फरक पडला की सारा दोष प्रयोगशाळेच्या माथी येतो. भारतीय कायद्यात नमुन्याचे चार भाग करायचे असतात आणि त्यातील एक भाग व्यावसायिकाने मागितल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचा असतो. ही तरतूद आरोपीच्या संरक्षणासाठी आहे, परंतु नीट पाळली तर तिच्यामुळे अभियोग पक्षाचीच बाजू पक्की होते. बाटली कोरडी नव्हती, मोहोर पुसट होती, पंचाची सही नंतर घेतली होती, अशा कारणांनी सुटलेली प्रकरणे मी पाहिली आहेत आणि त्या प्रत्येकाची मला खंत आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे केवळ बाटलीच्या मागे लागू नये. कागद तपासावेत. शेंगदाण्यातून साधारण ४० ते ५० टक्के तेल निघते आणि उरते ती पेंड. ज्या गिरणीने शंभर टन शेंगदाणा तेल विकले आहे, तिने दोनशे ते अडीचशे टन शेंगदाणे कोठून तरी घेतलेले असले पाहिजेत आणि उरलेली शंभर ते दीडशे टन पेंड कोणाला तरी विकलेली असली पाहिजे. दाण्याच्या खरेदीची बिले नाहीत, पेंडीचा गिऱ्हाईक नाही, आणि त्याच काळात पामोलीनचे टँकर मात्र आत आले आहेत, तर हा पुरावा कोणत्याही आयोडीन मूल्यापेक्षा बोलका आहे. खरेदीचे, कराचे, वाहतुकीचे आणि विजेचे हिशेब चार वेगळ्या कार्यालयांकडे असतात. सगळीकडे एकच खोटे सारख्या रीतीने लिहिणे फार अवघड जाते. युरोपच्या २००२ च्या अन्न कायद्याने प्रत्येक व्यावसायिकाला माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला याची नोंद दाखवण्याचे बंधन घातले, ते यासाठीच.

परीक्षानळी यांनी पुन्हा शुद्ध केलेल्या तेलाबद्दल जी अडचण सांगितली, तिच्यावरही हाच मार्ग आहे. तैवानमधील २०१४ चे टाकाऊ तेलाचे प्रकरण (वादपत्र यांनी सांगितलेल्या चरबीच्या प्रकरणाहून वेगळे) कोणत्याही यंत्राने उघडकीस आणले नाही. पिंगतुंग भागातील एका वृद्ध शेतकऱ्याने शेजारच्या बेकायदा कारखान्याविरुद्ध स्थानिक प्रशासनाकडे वारंवार तक्रारी केल्या. तेथे दाद लागली नाही तेव्हा स्वतः पुरावे गोळा करून तो दुसऱ्या शहराच्या पोलिसांकडे गेला. ते तेल विकत घेणाऱ्या कंपनीकडे उत्तम उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र होते. तक्रारदाराला संरक्षण आणि तक्रारीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर, या दोन गोष्टी आपल्या टिपणात जरूर घाला.

स्पेनच्या प्रकरणाचा आणखी एक भाग वादपत्र यांच्या उत्तरात आला नाही. १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाईची दुय्यम जबाबदारी राज्यावर टाकली. उद्योगासाठी आलेले तेल पुढे कोठे जाते, यावर देखरेख ठेवणे हे शासनाचे काम होते. अंमलबजावणी करणाऱ्यालाही कायद्यापुढे उत्तर द्यावे लागेल, ही जाणीव नसेल तर टाकीवर चढून तळाचा नमुना घेण्याचा त्रास कोण घेईल?

उत्तर : कठोर

एवढ्या तपशिलात जाण्यापेक्षा शिक्षाच जबर ठेवावी, असे मला वाटते. अन्नात भेसळ करणाऱ्याला जन्मठेप किंवा त्याहून मोठी शिक्षा ठेवली तर कोणी धजावणार नाही. चर्चा फार सौम्य चालली आहे.

वादपत्र

आपला संताप समजतो, पण हा मार्ग वापरून झालेला आहे. १९५९ साली मोरोक्कोत मेकनेस परिसरात खाद्यतेलात अमेरिकी हवाई तळावरून विकले गेलेले विमानाच्या इंजिनाचे जुने वंगण मिसळले गेले. त्यातील क्रेसिल फॉस्फेटमुळे सुमारे १०,००० माणसांना पक्षाघात झाला. तेव्हा तेथे घाईने कायदा करून मृत्युदंडाची तरतूद झाली आणि तीही पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे आधी घडलेल्या कृत्यालाही लागू होईल अशी. लोकांच्या संतापाला त्याने उत्तर मिळाले, परंतु वंगणाचे डबे तळावरून खाद्यतेलाच्या व्यापाऱ्यांपर्यंत कसे गेले, या प्रश्नाला शिक्षेच्या आकड्यात उत्तर नव्हते. शिक्षा जितकी जबर, तितका न्यायाधीश पुराव्याची छाननी अधिक काटेकोरपणे करतो, आणि ते त्याचे कर्तव्यच आहे. अशा वेळी नमुन्यावरची पुसट मोहोर आरोपीला अधिकच उपयोगी पडते.

नीरक्षीर

टिपणाची मांडणी आता मला स्पष्ट दिसते. लेबलावरील खोटेपणा हा इजेवर अवलंबून नसलेला स्वतंत्र अपराध आहे आणि त्याचा दंड लाभाशी बांधलेला असावा, हा पहिला भाग. नमुना, ओळखीवर उभा असलेला अहवाल आणि कच्च्या मालाचा हिशेब हे तिन्ही पुरावे एकत्र मांडले जावेत, हा दुसरा. तक्रारदाराचे संरक्षण वेगळ्या परिशिष्टात घेतो. शेवटचे एक विचारतो : ग्राहकाने स्वतः विकत घेतलेल्या तेलाची तपासणी करून घेतली तर तिचा न्यायालयात उपयोग होतो का?

परीक्षानळी

होतो, पण मर्यादित. भारतीय कायद्यात ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याचा हक्क आहे आणि कायद्याचा भंग आढळला तर ते शुल्क परत मिळते. मात्र फोडलेल्या डब्यातले तेल कोणी बदलले नाही हे सिद्ध करणे अवघड असल्यामुळे तो अहवाल शिक्षेचा एकमेव आधार होऊ शकेल असे मला वाटत नाही. त्याचा खरा उपयोग अधिकाऱ्याला त्याच तुकडी क्रमांकाचे (बॅच नंबरचे) सीलबंद नमुने घ्यायला लावण्यासाठी होतो. म्हणून डबा न फोडता द्यावा, बिल सोबत जोडावे आणि त्याच तुकडीचा दुसरा सीलबंद डबा थंड, अंधाऱ्या जागी जपून ठेवावा.